प्रेक्षक मिळाले, पाठीराखे कुठे होते?

मुंबईहून नागपूरकडे जाणारी गाडी भुसावळ सोडून पुढे निघाली की थोड्याच वेळात बोदवड येते. जळगाव जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. कापसाचे शेत, धान्याचा बाजार आणि पाण्याची नेहमीची ओढाताण ही इथल्या जीवनाची चौकट. या गावातील एखाद्या तरुणाने चित्रपट काढायचे मनावर घेतले, तर आज त्याच्यापाशी काय नाही? खिशातल्या मोबाईलमध्ये कॅमेरा आहे, संकलनाची साधने संगणकावर आहेत, कथा तर पारावर बसल्या जागी मिळते. लेवा गणबोलीचा गोडवा आहे आणि पश्चिमेकडे सरकावे तसा अहिराणीचा ठसकाही आहे. अहिराणी गाण्यांचे आणि विनोदी चित्रफितींचे प्रेक्षक आज लाखांनी मोजले जातात. म्हणजे साधन आहे, विषय आहे, प्रेक्षकही आहे. तरीही त्या तरुणाचा पहिला चित्रपट बहुधा त्याचा अखेरचा चित्रपट ठरतो. असे का होते?

बोदवडच्या कापूस उत्पादकाला या प्रश्नाचे उत्तर कुणी समजावून सांगायला नको. पिकवणारा एक आणि भाव ठरवणारा दुसरा, ही व्यथा त्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. चित्रपटाच्या धंद्यातही नेमके हेच घडते आणि ते आजकालचे नाही. ज्या दिवशी भारतीय चित्रपट जन्माला आला, त्या दिवसापासून ते घडत आले आहे. भारताचा पहिला स्वतंत्र दिग्दर्शक-निर्माता त्याचा पहिला बळी होता. ज्यांच्या नावाने देशातील चित्रपटसृष्टीचा सर्वोच्च पुरस्कार दिला जातो, त्या दादासाहेब फाळके यांच्या कारकिर्दीकडे या दृष्टीने पुन्हा एकदा पाहणे आवश्यक आहे.

स्वदेशीच्या मुशीतून

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. घराणे शास्त्री-पंडितांचे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे जे जे शिकता येईल ते ते शिकून घेतले. गोध्र्यात छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, तर प्लेगच्या साथीत पत्नी व मूल गेले. पुढे सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघत असताना ती त्यांनी सोडली आणि छापखाना काढला. भागीदार मिळाले, यंत्रे आली, फाळके जर्मनीला जाऊन नवे तंत्र शिकून आले, छापखान्याचे नाव झाले. मग भागीदारांशी मतभेद झाले आणि स्वतःच्या हाताने उभारलेल्या संस्थेतून रिकाम्या हाताने बाहेर पडण्याची वेळ फाळक्यांवर आली. चाळिशी उलटत होती. हा त्यांच्या आयुष्यातील भागीदारीचा पहिला धडा होता. दुर्दैवाने तो अखेरचा नव्हता.

१९११ साली गिरगावातील एका चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर येशू सरकत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. ही आठवण त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. या प्रसंगाचा उल्लेख नेहमी केवळ भक्तिभावाने केला जातो, पण त्यामागील विचार त्याहून व्यापक होता. आपल्या लोकांनी परक्यांच्या कथा परक्यांच्या यंत्रावर पाहाव्यात आणि त्याचे दामही परक्यांच्या पेढीत जमा करावेत, हे स्वदेशीच्या संस्कारात वाढलेल्या त्या माणसाला सहन होणारे नव्हते. आपली कथा, आपले कलावंत, आपले तंत्रज्ञ, आपला कारखाना आणि आपलेच भांडवल, असा उद्योग त्यांना उभा करायचा होता. यातील पहिल्या चार गोष्टी फाळक्यांनी जिद्दीने साध्य केल्या. पाचवी त्यांना जन्मभर हुलकावणी देत राहिली.

घर हाच कारखाना

आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून एप्रिलमध्ये परतले. कर्ज देणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्या अंकुराचा वेल होईपर्यंतची वाढ एका छोट्या चित्रपटात दाखवली. ते पाहून सावकार राजी झाला. तरीही पैसा अपुराच पडला. तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने पुढे केले. हे दागिने देणे एवढेच त्यांचे काम नव्हते. पुढचे अनेक महिने त्या माउलीने काम करणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला, अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला छिद्रे पाडली, ती धुण्याचे काम केले. भारतीय चित्रपटाची पहिली तंत्रज्ञ एक गृहिणी होती, हे आपल्या घरांतून मुलामुलींना आवर्जून सांगितले पाहिजे.

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला साडी नेसवली. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. लेखन, दिग्दर्शन, नेपथ्य, रंगभूषा, संकलन आणि रसायने मिसळण्यापर्यंतची सारी कामे फाळक्यांनी एकहाती केली. सुमारे सात महिन्यांच्या परिश्रमानंतर ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांसाठी त्याचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो सर्वसामान्यांना खुला झाला. सत्यासाठी सर्वस्व विकणाऱ्या राजाची कथा, घरातले सर्वस्व गहाण ठेवणाऱ्या दांपत्याने पडद्यावर आणली होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चित्रपट काढणे हे फाळक्यांच्या दृष्टीने अर्धेच काम होते. तो लोकांपर्यंत नेणे हे उरलेले अर्धे. सुरतेत पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये गल्ला जमला, असे सांगतात. तासन्‌तास चालणाऱ्या नाटकाची सवय असलेल्या प्रेक्षकाला एवढ्याशा खेळासाठी पैसे देणे महाग वाटत होते. फाळक्यांनी जाहिरातच अशी केली की, या खेळात हजारो छायाचित्रे एकापाठोपाठ एक पाहायला मिळतील आणि त्यांची लांबी मैलांत मोजावी लागेल. लोक धावत आले. प्रेक्षक जसा आहे तसा समजून घेऊन त्याच्या भाषेत त्याला बोलावणे, ही कला त्यांच्या अंगी होती. त्यांच्या चित्रपटांचा प्रवास रेल्वेने आणि रेल्वे संपली की बैलगाडीने होई. प्रक्षेपणयंत्र, पडदा आणि डबे घेऊन हिंडणारे तंबू पुढे गावोगावच्या जत्रांचे अविभाज्य अंग झाले. खान्देशातील ज्या पिढीने तंबूत जमिनीवर बसून देवादिकांचे चित्रपट पाहिले, ती फाळक्यांनी घातलेल्या वाटेवरूनच तिथवर पोचली होती.

गल्ला भरला, तिजोरी परकी

१९१३ मध्येच फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलवला. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई या मायलेकींनी काम केले आणि स्त्रीभूमिकेसाठी स्त्री मिळत नाही ही अडचणही त्यांनी ओलांडली. १९१४ साली तीन चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी त्यांचे काम नावाजले. तिथेच राहून भारतीय चित्रपट काढण्याचा प्रस्तावही त्यांच्यापुढे आला. फाळक्यांनी तो नाकारला. आपण गेलो तर नाशिकचा कारखाना बंद पडेल आणि देशात रुजू लागलेला उद्योग मुळातच खुडला जाईल, ही त्यांची धारणा होती. अशा नकाराचे मोल पैशात करता येत नाही.

परंतु ते परतले तेव्हा महायुद्ध सुरू झाले होते. कच्ची फिल्म दुर्मीळ झाली, पैसा पुरवणाऱ्यांनी हात आखडता घेतला. ज्याला परदेशात सन्मानाने बोलावले जात होते, त्याला मायदेशी पुढच्या चित्रपटासाठी दारोदार हिंडावे लागले. या काळात लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने त्यांची बाजू लावून धरली आणि फाळक्यांच्या उद्योगाला भक्कम भांडवल मिळावे यासाठी लोकमान्यांनीही प्रयत्न केला. राष्ट्राच्या जडणघडणीत या नव्या साधनाचे महत्त्व ज्यांनी फार लवकर ओळखले, त्यांत लोकमान्यांचे नाव अग्रभागी ठेवावे लागेल.

१९१७ च्या ‘लंकादहन’ने सारे चित्र पालटले. साळुंके यांनीच त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. पडद्यावर रामप्रभू दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडत. मुंबईत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ होत होते. मद्रासेत जमलेली चिल्लर बैलगाडीत घालून पोलिसांच्या बंदोबस्तात न्यावी लागली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. आता तरी फाळक्यांचे दिवस फिरायला हवे होते. मुंबईचे व्यापारी भांडवल घेऊन पुढे आले आणि १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे चित्रपट तिच्यातूनच आले. कन्या मंदाकिनी हिने साकारलेला बाळकृष्ण लोकांनी डोक्यावर घेतला.

मात्र छापखान्याच्या वेळी घडले तेच पुन्हा घडले. फाळक्यांना नवे प्रयोग करायचे होते, माणसे शिकवून तयार करायची होती. भागीदारांना खर्चाला लगाम आणि नफ्याचा वेळेवर हिशेब हवा होता. वाद विकोपाला गेला आणि फाळके सर्व सोडून काशीला निघून गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते कंपनीत परतले खरे. पण मालक म्हणून नव्हे, तर पगारी माणूस म्हणून. ज्याने हा धंदा या देशात आणला, त्याला त्याच धंद्यात नोकरी करावी लागली.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि ‘सेतुबंधन’ हा त्यांचा मूकपट १९३२ साली काळाच्या मागे पडला. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी काढलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट १९३७ साली आला. तोच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. १९३९ साली भारतीय चित्रपटाचा रौप्यमहोत्सव साजरा झाला, तेव्हा व्ही. शांताराम यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी निधी जमवण्यात आला आणि नाशिकमध्ये हक्काचे छप्पर उभे राहण्यास हातभार लागला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळक्यांनी नाशिकमध्येच देह ठेवला. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९६९ साली, शासनाने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. त्यांनी काढलेल्या लहानमोठ्या शेकडाभर चित्रपटांपैकी आज फारच थोडे, तेही बहुतेक खंडित अवस्थेत, पाहायला मिळतात.

दोष कोणाचा?

या कहाणीत खलनायक शोधण्याचा मोह होतो. भागीदार लोभी होते, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु न्यायबुद्धीने पाहता त्यांचीही एक बाजू होती. फाळके हट्टी होते, खर्चाच्या बाबतीत हात सैल होता आणि हिशेबाच्या वहीत त्यांचे मन रमत नव्हते. नफ्यासाठी पैसा घालणाऱ्याने नफा मागितला, यात अनैतिक काही नाही. दोष असेल तर तो वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘लंकादहन’ पाहताना हात जोडणारा जो अफाट समाज होता, तो फाळक्यांचा प्रेक्षक होता, पण त्यांचा पाठीराखा नव्हता. त्याने तिकिटाचा आणा दिला, डोळे पुसले आणि तो घरी गेला. पुढचा चित्रपट कुठून येईल हा प्रश्न त्याला पडला नाही. म्हणून फाळक्यांना सावकार आणि सटोडिये यांच्याच दारात उभे राहावे लागले.

हे एकट्या फाळक्यांच्या बाबतीत घडले असते, तर तो नियतीचा खेळ म्हणता आला असता. परंतु कोल्हापूरच्या भालजी पेंढारकर यांचीही कथा यापेक्षा फार निराळी नाही. शिवचरित्र पडद्यावर आणण्यात ज्यांनी हयात घालवली, त्या भालजींचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात झाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला. जळालेला ‘मीठ भाकर’ पुन्हा चित्रित करून पूर्ण केला. पण त्यापायी झालेल्या कर्जाचे ओझे त्यांच्या खांद्यावरून उतरले नाही. १९९१ सालच्या फाळके पुरस्काराने त्यांचा गौरव झाला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. सन्मान उशिरा आणि साहाय्य त्याहून उशिरा, ही जणू परंपराच पडून गेली आहे.

समाज निर्माता होऊ शकतो

मग यावर उपाय नाही काय? आहे, आणि तो याच देशात सिद्ध झालेला आहे. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ आला. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो उभा केला होता. धवलक्रांतीची ती कथा पाहायला तेच शेतकरी गावोगावहून गाड्या भरभरून आले, कारण तो त्यांचा चित्रपट होता. त्यातील तेजस्वी स्त्रीभूमिका साकारणारी स्मिता पाटील ही धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या घराण्यातली लेक, हे खान्देशाने विसरू नये. जवळजवळ अर्धशतकानंतर, २०२४ मध्ये, त्याच चित्रपटाची नव्याने जतन केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. दोन रुपयांची गुंतवणूक एवढी टिकाऊ ठरू शकते.

दुसरे उदाहरण या पानाच्या वाचकांच्या हृदयाजवळचे आहे. सुधीर फडके यांनी स्वातंत्र्यवीर सावरकरांवर चित्रपट काढण्याचा संकल्प केला, तेव्हा कोणा धनिकाकडे न जाता ते समाजाकडे गेले. लोकवर्गणीतून, अनेक वर्षांच्या पायपिटीतून, तो चित्रपट २००१ साली पूर्ण झाला. दुसऱ्याच वर्षी बाबूजी गेले. त्या चित्रपटाच्या कलागुणांविषयी मतभिन्नता असू शकते, पण एक गोष्ट निर्विवाद आहे. लहान माणसाच्या लहान रकमेने चित्रपटासारखे खर्चिक काम तडीस जाऊ शकते, हे त्यातून महाराष्ट्रानेही अनुभवले.

यावर एक आक्षेप घेतला जातो. वर्गणीतून प्रचारपट निघतात, कला निघत नाही, असे म्हटले जाते. आक्षेप सर्वस्वी चुकीचा नाही, म्हणूनच त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. देणगी देणाऱ्याने पटकथा लिहू नये, हे पथ्य पाळले नाही तर आक्षेप खराच ठरेल. फाळक्यांच्या भागीदारांनी हिशेबाच्या नावाखाली कलावंताचा हात धरला. उद्या समाजाने विचाराच्या नावाखाली तेच केले, तर फरक तो काय राहिला? विषय आपल्याला प्रिय आहे म्हणून सुमार चित्रपटाची भलामण करणे आणि विषय अडचणीचा आहे म्हणून चांगल्या चित्रपटाकडे पाठ फिरवणे, या दोन्ही गोष्टी समाजाच्या अभिरुचीला सारख्याच मारक आहेत. पाठीराखा होणे याचा अर्थ मालक होणे नव्हे.

आणखी एक कटू सत्य. आपल्या विषयावरचा चित्रपट आला की त्याची स्तुती करणारे संदेश मोबाईलवरून इकडून तिकडे फिरतात. त्याच मोबाईलवर त्या चित्रपटाची चोरीची प्रतही येते आणि सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांतून ती विनासंकोच पाहिली जाते. ही चोरी कोणा बड्या कंपनीची असते असे नव्हे. घर गहाण ठेवून चित्रपट काढणाऱ्या एखाद्या धडपड्या माणसाची ती शेवटची पुंजी असते. अभिमान संदेशात आणि व्यवहार चोरीचा, हा दुटप्पीपणा थांबवल्याखेरीज स्वदेशी चित्रपटसृष्टीविषयी बोलण्याचा नैतिक अधिकार कोणालाही उरत नाही.

बोदवडसारख्या गावात यासाठी काय करता येईल? फार मोठे काही करण्याची आवश्यकता नाही. तालुक्यातालुक्यांतील जुनी चित्रपटगृहे बंद पडत गेली, म्हणून चित्रपट पाहायलाच नको असे ठरत नाही. शाळेचे सभागृह, मंगल कार्यालय, वाचनालय, गणेशोत्सवाचा मांडव या जागा आहेतच. वर्षाकाठी चार चांगले चित्रपट निर्मात्याला रीतसर मोबदला देऊन तिथे दाखवता येतील. शे-दोनशे कुटुंबांनी वर्षाची वर्गणी आगाऊ भरली, तर त्यातून ही व्यवस्था सहज चालेल. अशी पन्नास गावे खान्देशात उभी राहिली, तर लेवा गणबोलीत किंवा अहिराणीत चित्रपट काढू पाहणाऱ्या तरुणाला मुंबईच्या वितरकाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. आपला चित्रपट कुठे लागेल, कोण पाहील आणि किती रक्कम परत येईल, हे त्याला पहिल्या दिवसाआधीच ठाऊक असेल. दादासाहेब फाळक्यांना आयुष्यभर नेमकी हीच एक खात्री मिळाली नव्हती.

उत्सव, मंदिरे, शाळा, सहकारी संस्था, वाचनालये हे सारे या समाजाने वर्गणीतूनच उभे केले आहे. चित्रपट मात्र आपण करमणूक मानून बाजारावर सोपवला आणि पुढे त्याच बाजाराला दूषणे देत बसलो. दरवर्षी ३० एप्रिल येतो, फाळक्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात. त्या दिवशी एखाद्या गावाने आपल्या भागातील एका होतकरू दिग्दर्शकाच्या पुढच्या चित्रपटासाठी शंभर आगाऊ तिकिटे घ्यावीत. सरस्वतीबाईंच्या दागिन्यांचे ऋण फेडण्याची ती खरीखुरी सुरुवात ठरेल.